रक्तातील आपपरभाव : मुंबई रक्तगट, स्वप्रतिपिंडे आणि मराठवाडा

१

‘रक्ताचे नाते’ हा शब्दप्रयोग मराठीत आप्तत्वाची अखेरची साक्ष म्हणून योजिला जातो. ज्याच्याशी रक्ताचे नाते तो आपला, बाकीचे परके, अशी त्यामागील सर्वसामान्य समजूत आहे. विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राने या समजुतीला दोन्ही बाजूंनी धक्का दिला. सख्ख्या भावाचे रक्तही शरीराला परके ठरू शकते, हे प्रथम सिद्ध झाले. आणि क्वचित प्रसंगी स्वतःचे रक्तसुद्धा शरीराला परके वाटू लागते, हे त्यानंतर मान्य करावे लागले. पहिल्या सिद्धांतातून रक्तगटांचे शास्त्र जन्मास आले, दुसऱ्यातून स्वप्रतिरक्षाजन्य रोगांचे. ही दोन शास्त्रे भिन्न वाटली तरी त्यांचा उगम एक आहे, आणि त्या समान उगमाची साक्ष देणारे एक महत्त्वाचे संशोधन १९५२ साली मुंबईत झाले. त्या संशोधनाचा इतिहास पाहणे आणि नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय ते तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रश्न नीट ध्यानात येण्यासाठी रक्तपेढीतील एक प्रसंग कल्पावा. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीसाठी रक्ताची मागणी येते. तिचा गट ‘ओ’ असा निघतो. ‘ओ’ गटाच्या पिशव्या हाताशी आहेत. परंतु रक्तजुळवणीत पहिल्या दात्याच्या पेशी तिच्या रक्तरसात एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके होतात. दुसऱ्या दात्याचे तेच, तिसऱ्याचेही तेच. एकही रक्त जुळत नाही. असे होण्याची दोन कारणे संभवतात, आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. एका कारणात रुग्णाचे शरीर आपले कोण ते अचूक ओळखते आणि इतर जवळजवळ सर्व मानवजातीला परके मानते. दुसऱ्या कारणात त्याला आपले आणि परके यांतील भेदच उरलेला नसतो. एका स्थितीत हाताशी असलेली प्रत्येक पिशवी प्राणघातक असते. दुसरीत, न जुळणारे रक्तही प्रसंगी सावधगिरीने द्यावे लागते. या दोन कारणांतील भेद जाणण्याचे ज्ञान कसे मिळत गेले, हीच या इतिहासाची कथावस्तू आहे.

२

१९०१ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडश्टायनर यांनी स्वतःचे व आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाचा रक्तरस दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळण्याचे साधे प्रयोग प्रसिद्ध केले. काही मिश्रणांत पेशींचे पुंजके झाले, काहींत झाले नाहीत. या निरीक्षणांवरून मानवी रक्ताचे गट निश्चित झाले. त्यातून पुढे जो नियम मांडला गेला तो असा : ज्या व्यक्तीच्या पेशींवर ‘ए’ हा प्रतिजन नाही तिच्या रक्तरसात ‘ए’विरोधी प्रतिपिंड असते, ज्या व्यक्तीच्या पेशींवर ‘बी’ नाही तिच्या रक्तरसात ‘बी’विरोधी. जे आपल्याजवळ नाही त्याविरुद्ध शस्त्र, जे आहे त्याविरुद्ध कधीही नाही. लँडश्टायनर यांच्या कोष्टकात कोणाचाही रक्तरस त्याच्या स्वतःच्या पेशींवर उलटलेला नव्हता. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण रक्त तंतोतंत पाळते, असेच त्या कोष्टकावरून म्हणता आले असते.

याच सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख व युलियस मॉर्गेनरोट हे शेळ्यांवर प्रयोग करीत होते. एका शेळीला दुसऱ्या शेळीचे रक्त टोचले असता त्या परक्या पेशींचा नाश करणारी प्रतिपिंडे तयार होत. परंतु शेळीच्या स्वतःच्या पेशींचा नाश करणारी प्रतिपिंडे त्यांना आढळली नाहीत. एर्लिख यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, शरीराला स्वतःच्या विषबाधेचे भय असते व ते टाळण्याची योजना निसर्गाने केलेली असते. या भयाला त्यांनी दिलेले लॅटिन नाव पुढे फार प्रसिद्धी पावले. असे विष निर्माणच होऊ शकत नाही, असे एर्लिख यांचे म्हणणे नव्हते. ते निर्माण झाल्यास त्याला आवर घालणारी व्यवस्था असली पाहिजे, असे ते मानीत. तथापि त्यांच्या अनुयायांनी सूत्र तेवढे उचलले आणि शंका मागे ठेवली. शरीर स्वतःविरुद्ध जात नाही, हा जणू सिद्धांतच होऊन बसला.

वस्तुतः त्याला छेद देणारा पुरावा लगेच, १९०४ मध्ये, पुढे आला होता, आणि तो देणारे स्वतः लँडश्टायनर होते. थंडी बाधली की लघवी लाल होणाऱ्या एका विकाराचा त्यांनी युलियस डोनाट यांच्यासह अभ्यास केला. अशा रोग्याचे रक्त थंड करून पुन्हा उबदार केले असता त्याच्याच रक्तरसाने त्याच्याच तांबड्या पेशी फुटत असल्याचे त्यांनी काचनळीत दाखवून दिले. स्वप्रतिपिंडाचा हा पहिला निर्विवाद पुरावा होय. आपपरभावाचा नियम ज्याच्या कार्यावर उभा राहिला, त्यानेच त्या नियमाचा पहिला अपवाद नोंदविला, ही विज्ञानाच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. परंतु हा विकार दुर्मिळ होता, आणि त्यातून व्यापक निष्कर्ष काढण्यास पुढील चार दशके फारसे कोणी धजावले नाही.

३

ही कोंडी एका चाचणीने फुटली. तांबड्या पेशींवर प्रतिपिंडे चिकटली असली तरी पुष्कळदा पेशींचे पुंजके होत नाहीत. त्यामुळे ती प्रतिपिंडे नजरेस येत नाहीत. १९४५ साली इंग्लंडमध्ये कूम्ब्ज, मूरंट व रेस या तिघांनी यावर तोड काढली. मानवी प्रतिपिंडांविरुद्ध सशात तयार केलेला रक्तरस अशा पेशींत घातला की, तो पेशींवरील अदृश्य प्रतिपिंडांना पकडतो, पेशी एकमेकींस सांधल्या जातात आणि पुंजके डोळ्यांना दिसतात. ‘कूम्ब्ज चाचणी’ या नावाने ती सर्वत्र रूढ झाली. दुसऱ्याच वर्षी बूरमन, डॉड व लूटिट यांनी ती रक्तक्षयाच्या रोग्यांवर वापरली. जन्मतः असणाऱ्या एका प्रकारच्या रक्तनाशी कावीळीत चाचणी नकारात्मक आली. मागाहून जडलेल्या प्रकारात ती होकारात्मक आली. म्हणजे या दुसऱ्या प्रकारात रोग्याच्या पेशींवर त्याच्याच शरीराने घडविलेली प्रतिपिंडे बसलेली होती. कुंपणाने शेत खावे तशी ही अवस्था होती.

त्यानंतर पुरावे वेगाने जमा होत गेले. १९४८ मध्ये हारग्रेव्ह्ज यांना ल्यूपस या रोगातील विशिष्ट पेशी आढळली. १९५६ मध्ये रोझ व विटेब्स्की यांनी सशाला सशाच्याच अवटु ग्रंथीचा अर्क टोचून त्या ग्रंथीचा दाह घडवून आणला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक व त्यांचे सहकारी यांना अवटु ग्रंथीच्या एका विकारात त्या ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे रोग्यांच्या रक्तरसात सापडली. १९५७ मध्ये बर्नेट यांनी आपली उपपत्ती मांडली. तिच्यानुसार प्रतिकार करणाऱ्या पेशींचे असंख्य वंश जन्मतःच असतात. त्यांपैकी ‘स्व’विरुद्ध जाणारे वंश निवडून काढून टाकले जातात, आणि ही निवड चुकली तर रोग होतो. ही निवड झाल्यानंतरही उरलेल्या बंडखोर पेशींना आवर घालणारी पहारेकरी पेशींची एक स्वतंत्र जात असते, असे पुढे सिद्ध झाले. या शोधाबद्दल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल व शिमॉन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एर्लिख यांनी ज्या आवर घालणाऱ्या व्यवस्थेची कल्पना केली होती, तिचे एक मूर्त रूप असे हाती लागले.

४

मुंबईचा शोध या प्रवाहाच्या मध्यावर येतो. परळ येथील शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय यांची जोडसंस्था १९२६ पासून कार्य करीत होती. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांच्या पाहण्यात असे रक्त आले की, जे प्रचलित वर्गीकरणात कोठेच बसेना. पेशींवर ‘ए’ नव्हते, ‘बी’ नव्हते. तेव्हा गट ‘ओ’ म्हणावा, तर रक्तरस ‘ओ’ गटाच्या पेशींचेही पुंजके करीत होता. ‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘एच’ नावाचा मूळ पदार्थ असतो. त्याच पायावर ‘ए’ व ‘बी’ यांची उभारणी होते. मुंबईच्या या व्यक्तींमध्ये तो पायाच नव्हता. सर्वांजवळ जे असते ते त्यांच्याजवळ नव्हते, आणि म्हणून त्यांच्या रक्तरसात सर्वांविरुद्ध प्रतिपिंड होते.

हा शोध १९५२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या तीन संशोधकांबरोबर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांची नावे त्या लेखावर आहेत. यांतील रेस हे कूम्ब्ज चाचणीच्या तीन जनकांपैकी एक, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतःच्या रक्तावर उलटलेले प्रतिपिंड दाखविणारी चाचणी आणि स्वतःखेरीज सर्वांवर उलटणाऱ्या प्रतिपिंडाचा शोध, या दोहोंना सात वर्षांच्या अंतराने एकाच संशोधकाचा हात लागला होता.

मुंबईच्या शोधाचे तात्त्विक महत्त्व यातच आहे. वरवर पाहता हे रक्त लँडश्टायनर यांच्या नियमाला अपवाद भासते. प्रत्यक्षात तो त्या नियमाचा सर्वांत कठोर दाखला आहे. जे नाही त्याविरुद्ध शस्त्र, हा नियम येथे शेवटच्या टोकापर्यंत पाळला गेला आहे. स्वप्रतिपिंड हे त्याच नियमाचे उल्लंघन होय. नियमाची परिसीमा आणि नियमाचा भंग, ही दोन टोके काचनळीत मात्र प्रथमदर्शनी सारखीच दिसतात.

अमेरिकेत फिलिप लेव्हाइन व सहकारी यांनी १९५५ मध्ये अशाच एका कुटुंबाचा वृत्तांत दिला. आईच्या रक्तात न दिसलेला ‘बी’ गुण तिच्या मुलीत प्रकट झाला होता. याचा अर्थ, ‘बी’ चा वंशघटक आईत होता. पाया नसल्यामुळे त्याला उभे राहता आले नव्हते, इतकेच. पुढे या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव जगभर रूढ झाले. १९९७ मध्ये भारतीय ‘बॉम्बे’ रक्तामागील जनुकीय बिघाडही निश्चित झाला : ‘एच’ घडविणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल, आणि त्याच्या शेजारचे, लाळेत ‘एच’ आणणारे जनुक मुळातच गहाळ.

५

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळता येईल. एकही रक्त न जुळणारी ती स्त्री ‘बॉम्बे’ गटाची आहे, की तिला स्वप्रतिरक्षाजन्य रक्तनाश झालेला आहे, हे कसे ठरवावे? उत्तर देणारी चाचणी थक्क करण्याइतकी साधी आहे. दात्यांच्या पेशींच्या नळ्यांशेजारी आणखी एक नळी मांडावयाची, आणि तीत रुग्णाचा रक्तरस व रुग्णाच्याच पेशी एकत्र करावयाच्या. प्रयोगशाळेत हिला ‘ऑटो-कंट्रोल’ म्हणतात. इतर सर्व नळ्यांत पुंजके आणि या एका नळीत शांतता असेल, तर रुग्णाचा आपपरभाव शाबूत आहे. ‘ओ’ पेशींविरुद्धचे प्रतिपिंड जोरकस असल्यास ‘बॉम्बे’ गटाचा विचार प्रथम करावा लागतो. याही नळीत, विशेषतः कूम्ब्ज चाचणीच्या टप्प्यावर, पुंजके झाले तर स्वप्रतिपिंडाची दाट शंका घ्यावी लागते. १९०१ चे लँडश्टायनर यांचे कोष्टक ज्या मिश्रणाच्या बाबतीत नेहमी कोरे राही, तेच मिश्रण अखेर सर्वांत बोलके ठरले.

निदानानंतर मार्ग फुटतात. ‘बॉम्बे’ गटाच्या रोग्याला केवळ ‘बॉम्बे’ गटाचे रक्त चालते. त्याच्या रक्तरसातील ‘एच’विरोधी प्रतिपिंड शरीराच्या उष्णतेला कार्यक्षम असते आणि परक्या पेशी रक्तवाहिनीतच फोडते, त्यामुळे ‘ओ’ गटाची पिशवी, जी इतरांना संकटकाळी तारक, ती त्याला मारक ठरते. स्वप्रतिरक्षाजन्य रक्तनाशात स्थिती निराळी असते. तेथे रोग्याच्या स्वतःच्या पेशीही नष्ट होतच असतात; पूर्ण जुळणारे रक्त जगात कोठेही मिळावयाचे नसते. म्हणून प्राणावर बेतले असता, पूर्वीच्या रक्तदानांमुळे किंवा गर्भारपणांमुळे उत्पन्न झालेले दुसरे प्रतिपिंड आड लपलेले नाही याची शक्य तितकी खात्री करून, त्यातल्या त्यात कमी प्रतिकूल असलेले रक्त सावकाश दिले जाते, आणि मुख्य उपचार बंडखोर प्रतिकारशक्तीला आवरण्याचा असतो. १९५० नंतर कॉर्टिसोनवर्गीय औषधांनी हा उपचार शक्य केला. न जुळणारे रक्त सर्वस्वी नाकारणे हे पहिल्या रोग्याला वाचविणे होय. दुसऱ्याच्या बाबतीत तेच नाकारणे त्याचा अंत ठरू शकते.

मुंबईत या दोन्ही प्रश्नांचा अभ्यास एकाच छत्राखाली झाला, हे योग्यच घडले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५७ मध्ये तेथे रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. डॉ. भाटिया यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या या केंद्राचे रूपांतर पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत झाले. देशभरातून येणारे न जुळणारे नमुने तपासणे आणि दुर्मिळ गटांच्या दात्यांची नोंद ठेवणे हे काम तिने अंगावर घेतले. ल्यूपससारख्या रोगांतील स्वप्रतिपिंडांचे संशोधनही तिच्या कार्यात सामावले गेले. भाटिया व साठे यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मुंबईत ‘बॉम्बे’ गटाचे प्रमाण सुमारे ७,६०० व्यक्तींत एक इतके होते. युरोपात ते दहा लाखांत एक इतके अल्प मानले जाते.

६

हा फरक का पडावा? त्याचे उत्तर समाजरचनेत शोधावे लागते. ‘एच’चा अभाव हा अप्रभावी गुण आहे; सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडून आले तरच तो प्रकट होतो. असे दुर्मिळ जनुक जेथे एका कुळात फिरत असते, तेथे जवळच्या नात्यातील विवाह त्याच्या दोन प्रती एकत्र आणण्याची शक्यता वाढवितात. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात उत्तरेची व दक्षिणेची विवाहपद्धती यांतील भेद सविस्तर दाखविला असून, महाराष्ट्राचे स्थान या दोहोंच्या मधले आहे असे प्रतिपादिले आहे. उत्तरेत निषिद्ध असलेला मामाच्या मुलीशी विवाह येथील अनेक समाजांत संमत, किंबहुना पसंत आहे. नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणाला आणि दोन्ही जिल्ह्यांची कर्नाटकाला भिडलेली आहे. दक्षिणेच्या रीतीचा प्रभाव येथे स्वाभाविक होय. विवाहाने दोष उत्पन्न होत नाही; असलेला दोष उघडा पडण्याची संधी तेवढी वाढते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. स्वप्रतिरक्षाजन्य रोगांना हा साधा हिशेब लागू पडत नाही. त्यांत अनेक जनुके, संसर्ग व अन्य कारणे यांचा गुंता असतो, आणि त्यांतील पुष्कळ रोगांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते.

या ज्ञानाच्या अभावी होणारी हानी केवळ शारीरिक नसते. ज्याचा गट चुकून ‘ओ’ नोंदला गेला आहे, अशा ‘बॉम्बे’ गटाच्या पित्याला ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे मूल होऊ शकते. पत्नीही ‘ओ’ गटाची असेल, तर पाठ्यपुस्तकी नियमानुसार असे अपत्य अशक्य; आणि मग संशयाचे बोट वळते ते आईकडे. लेव्हाइन यांच्या वृत्तांताने १९५५ मध्येच दाखवून दिले आहे की, न दिसणारा वंशघटक नसलेला नसतो. अर्धवट तपासलेल्या रक्तगटाच्या आधारे स्त्रीच्या शीलावर ठपका ठेवणे हा अन्याय तर आहेच. शिवाय ते अज्ञानही आहे.

१९५२ मध्ये, मुंबईत हा शोध लागला त्या वेळी, नांदेड हैदराबाद राज्यातील जिल्हा होता आणि लातूर हे त्याच राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मराठवाड्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादेस मिळाले. ग्रामीण भागासाठीचे अंबाजोगाईचे महाविद्यालय १९७४ मध्ये, नांदेडचे १९८८ मध्ये, तर लातूरचे शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला, आणि पुढे अकराच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसांचा बळी घेतला. जखमींची रीघ लागते अशा वेळी रक्ताच्या प्रत्येक पिशवीची घाई असते, आणि घाईत पहिली काट बसते ती जास्तीच्या नळ्यांना. मुंबईची संदर्भ संस्था येथून पाचशे-सहाशे किलोमीटर दूर आहे. तेथील तपासणी अंतिम निर्णयासाठी आवश्यकच. परंतु धोका ओळखण्याचे काम दूरच्या संस्थेवर सोपविता येत नाही. ते त्याच रात्री, त्याच टेबलावर व्हावे लागते.

सुदैवाने त्यासाठी लागणारी सामग्री दुर्मिळ नाही. गट ठरविताना ‘ए’ व ‘बी’ पेशींबरोबर ‘ओ’ पेशींची एक नळी मांडली, की ‘बॉम्बे’ गट ‘ओ’ म्हणून निसटत नाही. जुळवणीत रुग्णाच्या स्वतःच्या पेशींची एक नळी मांडली, की स्वप्रतिपिंड सहसा लपून राहत नाही. दोन नळ्या, थोडा रक्तरस आणि काही मिनिटांचा अवधी, एवढीच या खबरदारीची किंमत आहे. व्हिएन्ना, लंडन आणि परळ येथील अर्धशतकाच्या श्रमांचे सार त्या दोन नळ्यांत उतरले आहे. नांदेड वा लातूरच्या रक्तपेढीत एखाद्या रात्री त्या मांडल्या गेल्या की नाहीत, यावर एका जीवाचा निकाल अवलंबून राहतो.